टाचण

रविवारी रात्री साडेनऊला
तांबड्या रश्श्याचं पातेलं घासून, हात पुसून
मी वही उघडते.
पाठ टाचण. इयत्ता सहावी. घटक : ध्वनी.
उद्दिष्ट : विद्यार्थी आवाज ऐकून ओळखतील.

'ऐकून'पाशी पेन थांबतं.
पहिल्या बाकावर तस्नीम बागवान.
तिच्या कानातल्या मशीनची बॅटरी गुरुवारीच संपलीय,
आणि असते तेव्हाही, तिनंच एकदा लिहून दाखवलं होतं,
सगळा वर्ग नळाखालच्या भांड्यांसारखा वाजतो.

मी 'ऐकून' खोडते. 'अनुभवून' लिहिते.
शब्द जरा सरकारी आहे,
पण त्यात दाटीवाटीनं सगळे मावतील.

वहीच्या रकान्यांत सरासरी मुलं बसतात.
आमच्या उद्यमनगरच्या शाळेत
सरासरी नावाचं कुणी नाही, हजेरीपट बघा.
मगदूमांचा रणवीर बाकापेक्षा बाकाखाली जास्त शिकतो.
रौशनकुमारला 'कंपन' म्हटलं की
वडिलांची कंपनी ऐकू येते.
श्रावणी चौगुले दोन मिनिटांत सगळं सोडवते
आणि उरलेली तेहतीस मिनिटं पेन्सिलीला टोक काढते.
ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली गोदा,
पट्टा पडला की जाणार,
म्हणून पटावर तिचं नाव पेन्सिलीनं होतं.
मी ते पेननं गिरवलं. एवढंच जमलं.

आई ब्लाऊज शिवायची, राजारामपुरीत, दहाव्या गल्लीत.
आधी नुसतं टाचायची,
बाईच्या अंगाला लावून बघायची,
मग दातांनी दोरा तोडून सगळं उसवायची.
लहानपणी मला ते वाया गेलेलं काम वाटे.

साहित्य : हलगी एक, मोहरी मूठभर.
मोहरी कातड्यावर नाचेल, तस्नीमला आवाज दिसेल.
हलगी सुजल आवळेच्या आजोबांकडे आहे.
मला माझंच कौतुक वाटतं. दिवा मालवते.

सोमवारी व्हरांड्यात त्याला विचारलं.
तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला.
"नको बाई. पोरं मग आठवडाभर मागनं चिडवत्यात."

एकीसाठी दार उघडायला गेले
आणि दुसऱ्याची बोटं चेमटली.
रात्री पुन्हा उसवलं.
साहित्य : तेलाचा रिकामा डबा, फुग्याचं रबर.

बुधवारी रबर सैल पडलं.
मी बडवतेय, मोहरी ढिम्म.
रणवीर बाकाखालून हसला, मग सगळेच.
शेवटच्या बाकावरनं आवाज आला,
"ढिल्लं हाय बाई. ताण बसला न्हाई."

सुजल उठून आला.
रणवीरच्या बुटाची नाडी मागून घेतली,
रबर ओढलं, काठाला गच्च बांधलं,
आणि दोन बोटांनी हलकेच थाप दिली.

मोहरी उडाली.
हलगीचं नाव कुणीच काढलं नाही,
त्याच्या बोटांना मात्र ते माहीत होतं.

तस्नीमनं डब्याच्या बुडाला तळवा लावला.
डोळे मिटले. बराच वेळ.
मग फळ्यापाशी जाऊन लिहिलं :
थांबल्यावरही थोडा उरतो.

वर्ग गप्प झाला, कान देऊन.
"मला नाही आला ऐकू," श्रावणी म्हणाली,
आणि पुढं होऊन तिनंही तळवा टेकवला.
त्या दिवशी तिला दोन मिनिटं पुरली नाहीत.

रौशनकुमार गैरहजर होता.
त्याच्यासाठी ठेवलेली ओळ कोरीच आहे.
मुख्याध्यापकांचा लाल शेरा :
वेळेचे नियोजन पाळावे.
बरोबर आहे त्यांचं. तास सतरा मिनिटं लांबला,
मराठीच्या बाई दारात उभ्या होत्या.

शनिवारी झाडताना
बाकांच्या फटींतून अजून मोहरी निघते.

पुढचं पान. घटक : प्रकाश.
उद्दिष्ट मी पेन्सिलीनं लिहिते.